मुराळी पुढं

आमचे शेजारी धर्माकाका दर दिवाळीत दुसऱ्यांच्या लेकी माहेरी आणत. मिठागरात आयुष्य गेलेला, मागेपुढे कुणी नसलेला माणूस. पांढरी टोपी, काखेत छत्री, पिशवीत नारळ, असे ते पनवेलच्या एसटी स्टँडवर दिसले की समजावं, कुणाची तरी लेक येणार.

गल्लीतल्या रेखाकडे स्वतःची स्कूटर होती. तरी काका तिच्या सासरी एसटीने गेले आणि येताना तिच्या मागे बसून आले. गल्लीच्या तोंडाशी मात्र उतरले. "मुराळी पुढं!" काका छत्री टेकत पुढे, मागून रेखा पाय घासत, स्कूटर रेटत. सगळी गल्ली हसली. काका हसले नाहीत.

"मुराळी म्हणजे नक्की काय हो, काका?"

"सासुरवाशिणीला माहेरचं बोलावनं जातं, त्याला मूळ म्हनतान. मूळ घेऊन जातं तो मुराळी."

"आता फोन आहेत की."

"फोनवर निरोप जातं. मुळाला दारात उभा ऱ्हाया लागतं. तुजे बयनीला कोन जातं?"

माझी ताई इथेच, नेऱ्याला. मी म्हणालो, "दर वर्षी फोन करतो, रिक्षा करून ये म्हणतो. तिलाच सवड नसते."

काकांनी छत्री उचलली. "चल."

नेऱ्याला ते ओट्यावरच थांबले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "पोरीला न्याला आयलू."

पन्नाशीची ती पोर आत गेली आणि लगेच बाहेर आली. हातात भरलेली पिशवी.

"इतक्यात भरलीस?"

"दर वर्षी भरते," ताई म्हणाली.

काका पुढे, ताई मागे. मी सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून. वर्षानुवर्षं मी जे करू शकलो नाही, ते या माणसाने दारात नुसतं उभं राहून केलं होतं.

भाऊबीजेला ताईने दोन पाट मांडले. "काका कुठेत?"

"हाक मारलीय भिंतीवरून. येतील."

ताईने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी टोपी घातली, नारळ घेतला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत पाऊल टाकलं नाही. "काका, न्यायला आलोय."

"मना?"

ते आत गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा टोपी धुतलेली होती, डोळेही. त्यांना वाट द्यायला मी बाजूला झालो, पण ते जागचे हलेनात.

"मुराळी पुढं," ते हळूच म्हणाले.