घरच्या घरी सीमोल्लंघन

एका जंगलात, मुलांनो, एक वर्ष असे आले की सगळेच्या सगळे प्राणी घरी होते.

झाले असे की चैत्रात एक रानडुक्कर शिंकले. मग त्याचा शेजारी शिंकला. बघता बघता अर्धे जंगल शिंकू लागले आणि काही जण शिंकता शिंकता मेले. तेव्हा सिंहाने दवंडी पिटवली की साथ ओसरेपर्यंत कोणीही घराबाहेर पडायचे नाही. पडावेच लागले तर तोंडाला पळसाचे पान बांधायचे. प्राणी मोठे आज्ञाधारक होते. सगळ्यांनी पान बांधले आणि बोलायला सोपे जावे म्हणून ते हनुवटीखाली ओढून घेतले.

लग्नाला पन्नासच पाहुणे बोलवावेत असाही नियम होता. सिंहाने स्वतःच्या भाचीच्या लग्नात तो काटेकोर पाळला. पाहुणे पन्नासच होते. बाकी जे दिसत होते ते जेवण होते.

तर या जंगलात करवंदीच्या जाळीखाली मुंगसांचे एक बीळ होते. खाऊनपिऊन सुखी घर. पुढचे दार मोकळ्यावर, मागचे दार जाळीत. तिथे नकुलराव, त्यांच्या पत्नी सुकेशिनीबाई, मुलगी चपला आणि तिचा धाकटा भाऊ रणजीत राहत. चपला आणि रणजीत ज्या वयाचे होते त्या वयाचे मूल काम सांगितले की लहान असते आणि जाब विचारला की मोठे असते. तुमच्या घरी असे कोणी असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. तुम्ही स्वतःच तसे असाल तर कळणार नाही.

साथ पंधरवड्यात जाईल असे सिंह म्हणाला होता. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आश्विन उजाडला. ऊन पुन्हा चटके देऊ लागले, गवत पिवळे पडले, आणि चौघेजण अजून त्याच बिळात एकमेकांच्या शेपटीवर पाय देत होते.

नकुलराव पाणवठा खात्यात होते. पाणवठ्यावर कोणी आधी प्यायचे हे ते खाते ठरवी. आता पाणवठ्यावर कोणीच येत नव्हते, त्यामुळे खात्याचे काम फार वाढले होते. नकुलराव सकाळी पुढच्या दारातून मुंडके बाहेर काढून बसत आणि पलीकडच्या वारुळावरच्या साहेबांना ओरडून विचारत की आवाज येतोय का. साहेबही ओरडून तेच विचारत. यात दुपार होई. बाहेर दिसते तेवढी छाती नकुलराव रोज चाटून चकचकीत करीत. तिच्या मागचे नकुलराव धुळीने माखलेले असत.

सुकेशिनीबाई काढा करीत. गुळवेल, अडुळसा, तुळस आणि कावळा त्या दिवशी जे सांगेल ते. कावळा रोज नवे औषध आणी, आणि ते त्याला दुसऱ्या कावळ्याने सांगितलेले असे. मुले काढ्याची वाटी घेऊन आपल्या दालनात जात आणि कोपऱ्यात ओतत. त्या वर्षी कोपऱ्यातल्या वाळवीला एकदाही शिंक आली नाही.

पण सुकेशिनीबाईंना हसू नका. शेजारची साळू मावशी श्रावणात गेली. तिला पोचवायलाही कोणी गेले नाही, कारण जायचे नव्हते. तेव्हापासून बिळात कोणी नुसते नाक फुरफुरवले तरी सुकेशिनीबाईंचे काळीज लक्कन हलायचे. त्यांना भीती वाटत होती, आणि भ्यालेली आई हातात जे सापडेल ते उकळते.

शाळा मात्र चालू होती. टकटके गुरुजी सुतारपक्षी होते. ते एका जुन्या ऐनाच्या झाडावर बसून चोचीने धडा ठोकत. ऐनाची मुळे साऱ्या बिळांखालून गेली होती. विद्यार्थ्यांनी आपल्या बिळात मुळाला कान लावायचा आणि गुरुजींनी नाव घेतले की मुळावर उलट ठोकून ‘हजर’ म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मुलांनी हे मनापासून केले. दुसऱ्या आठवड्यात रणजीतने एका रातकिड्याला ‘हजर’ म्हणायला शिकवले आणि तो झोपला. रातकिडा हुशार निघाला. सहामाहीत तो वर्गात तिसरा आला.

मुंगसांच्या शाळेत मुख्य विषय साप. भाद्रपदात सापाची परीक्षा झाली. प्रश्न सोपे नव्हते. साप डावीकडे वळला तर मुंगसाने कोठे वळावे, कारणे द्या. चपला मुळापाशी बसली. तिच्या उजव्या कानात आई उत्तर सांगत होती, डावीकडून बाबा ते दुरुस्त करीत होते, आणि त्याच मुळातून शेजारपाजारच्या आयांची कुजबुजही येत होती. चपलाला शंभरपैकी शंभर मिळाले. सगळ्या वर्गालाच मिळाले. नकुलरावांनी पुढच्या दारातून ही बातमी साहेबांना ओरडून सांगितली. साहेबांनी विचारले की आवाज येतोय का.

आणि इथे चपलाचे काहीतरी बिनसले. शंभर गुण घेऊन ती दालनात पडून राहिली. तिला एकदम जाणवले की आपण साप पाहिलेलाच नाही.

मुंगसांत एक रीत आहे. मूल वयात आले की दसऱ्याला त्याने ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या माळावर आपला पहिला साप मारायचा. बापाने अलीकडच्या काठावर उभे राहून पाहायचे. मदत करायची नाही, बोलायचे नाही, फक्त पाहायचे. याला सीमोल्लंघन म्हणतात. नकुलरावांनी आपल्या सीमोल्लंघनाची गोष्ट मुलांना इतक्या वेळा सांगितली होती की त्यातला साप दरवर्षी हातभर वाढत होता. यंदा चपलाची पाळी होती. तिला बाकी काही नको होते. बाबांनी काठावर उभे राहून आपल्याकडे पाहावे, एवढेच हवे होते.

म्हणून तिने काय केले, ते तुम्हाला म्हणून सांगतो. तिने रणजीतचा रातकिडा दुपारपुरता मागून घेतला. दालनाच्या तोंडाशी ‘शाळा चालू आहे’ असे पान लावले. मागच्या दाराने जाळीत शिरली, तोंडाला पळसाचे पान बांधले, हनुवटीला नाही तर तोंडालाच, आणि ओढ्यावर गेली.

पहिला साप दिसला तेव्हा ती पळाली. दुसऱ्या दिवशीही पळाली. मग थोडी थांबून पळू लागली. हळूहळू तिला कळले की डावीकडे वळावे की उजवीकडे हे कारणे देऊन ठरत नाही. फण्याकडे बघायचे, तो पडला की आपण तिथे नसायचे, आणि साप दमेपर्यंत हेच करायचे. अंगभर ओरखडे आले. आईने विचारले तर ती म्हणायची की जाऊ दे ना, तुला नाही कळणार. साप मात्र तिने एकही मारला नाही. तो दसऱ्यासाठी ठेवला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने बाबांना विचारले.

“बाबा, उद्या आपण ओढ्यावर जाणार ना?”

“अगं, वेड लागलं का तुला? बाहेर साथ आहे.”

“ओढ्यावर कोणी नसतं, बाबा.”

“तुला काय माहीत?” नकुलराव म्हणाले. हा प्रश्न फार चांगला होता. पण उत्तर ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि तेवढ्यात वारुळावरून साहेबांची हाक आली.

शिवाय सरकारने सोय केलीच होती. यंदाचे सीमोल्लंघन घरच्या घरी होणार होते. कावळ्याने सगळा कार्यक्रम समजावून सांगितला. बिळात मधोमध एक रेघ ओढायची, ती सीमा. रेघेपलीकडे गुळवेलीचा वाळका तुकडा ठेवायचा, तो साप. गुरुजी मुळावर ठोकतील तेव्हा पाल्याने रेघ ओलांडून वेल बडवायचा. पालकांनी ठोकून कळवायचे की बडवला. प्रमाणपत्र कावळा आणून देईल.

चपला दालनात गेली. तिने दाराला पान लावून घेतले. आई बाहेरून म्हणाली की अगं, पुढच्या वर्षी खरं करू. पुढच्या वर्षी रणजीतचीही पाळी आली असती आणि तिच्या वयाच्या मुलांचे ओढ्यावर हसे झाले असते, हे आईलाही माहीत होते. पण साळू मावशीचे बीळ अजून रिकामे होते. सुकेशिनीबाई दाराशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काढा हलवायला गेल्या.

दसरा उजाडला. सगळ्यांनी छात्या चाटल्या. गुरुजींनी मुळावर मुहूर्त ठोकला आणि जंगलातल्या प्रत्येक बिळात एकाच वेळी कार्यक्रम सुरू झाला. साप साप म्हणून भुई धोपटणे हे तुम्ही नुसते ऐकले असेल. त्या सकाळी साऱ्या मुंगसांनी ते करून दाखवले. पालक पोरांना ओरडून सांगत होते की जोरात, अजून जोरात, गुरुजींना ऐकू गेले पाहिजे.

आता सापाला कान नसतात, पण भुईचा हादरा त्याला बरोबर कळतो. चैत्रापासून एकाही मुंगसाने सापाला हात लावला नव्हता. साप लठ्ठ झाले होते, पुष्कळ झाले होते, आणि घरी बसण्याची दवंडी त्यांना कोणी दिली नव्हती. करवंदीच्या जाळीपाशी एक नाग ऊन खात पडला होता. इतकी धोपटाधोपट कसली चालली आहे हे पाहायला तो पुढच्या दाराने आत आला.

आत चपला नाइलाजाने वेल उचलत होती. नाग पाहून सगळे थांबले.

नकुलरावांना आपल्या गोष्टीतला साप आठवला. हा त्याहून लहान होता, पण खरा होता. ते काढ्याच्या मडक्यामागे गेले. चैत्रापासून ते इतक्या चपळाईने कोठेही गेले नव्हते. रणजीत जागा झाला, हे त्या दिवसाचे दुसरे आश्चर्य. सुकेशिनीबाईंनी धावत जाऊन मुळावर ठोकले की गुरुजी, साप आला आहे, काय करायचे. गुरुजींनी उलट ठोकले की कृपया वेलाकडे लक्ष द्या, मध्ये बोलू नका.

नागाने फणा काढला आणि तो सुकेशिनीबाईंकडे वळला.

चपलाने वेल टाकून दिला आणि ती मध्ये शिरली. फणा पडला तिथे ती नव्हती. पुन्हा पडला, तेव्हाही नव्हती. अरुंद बिळात ती भिंतीवरून, आईच्या पायांवरून, रणजीतच्या अंगावरून फिरत राहिली, आणि नाग दर वेळी जरासा उशिरा पोचत राहिला. शेवटी तो दमला. त्याने फणा खाली टेकवला आणि चपलाने त्याचे डोके धरले. मग सोडले नाही.

नाग निपचित पडल्यावर तिने पहिल्यांदा मडक्याकडे पाहिले.

“बाबा, पाहिलंत?”

नकुलरावांनी डोळे उघडले. ते म्हणाले, “हो हो. पाहिलं ना.”

चपलाने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितले. ती दुसऱ्यांदा विचारणार नाही, हे मला तरी तेव्हाच कळले.

तुम्हाला वाटेल की आता सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतले असेल. मुलांनो, तुम्ही फार गोष्टी वाचता. आधी चौकशी झाली. हे कुठे शिकलीस असे विचारल्यावर तिने खरे सांगितले. ती रोज बाहेर जात होती. साथीत. सुकेशिनीबाई तीन पावले मागे सरकल्या आणि म्हणाल्या की अंतर ठेव. लेकीला अमावास्येपर्यंत दालनात वेगळे ठेवायचे ठरले. नागाला बाहेर ओढायला मात्र तिलाच लावले, कारण त्याला हात लावायची बाकी कोणाची तयारी नव्हती.

गुरुजींनी निकाल जाहीर केला. सर्व विद्यार्थी उत्तीर्ण, एक सोडून. चपलाने रेघ ओलांडल्याची नोंद नव्हती आणि वेल न बडवता अर्ध्यात टाकून दिला होता. तिला पुढच्या दसऱ्याला पुन्हा बसावे लागणार होते. रणजीतची पाळी नव्हती, तरी गोंधळात तोही उत्तीर्ण झाला. घरी बसून सीमोल्लंघन केल्याने एक साप मेला, हे मात्र सिंहाच्या कानावर गेले. त्याला योजना एवढी आवडली की साथ असो वा नसो, इथून पुढे सीमोल्लंघन घरीच होईल अशी त्याने दवंडी पिटवली. नकुलराव दारातून शेजाऱ्यांना नाग दाखवत होते. आपण मडक्यामागून कसा डाव आखला हे सांगत होते. संध्याकाळपर्यंत नाग हातभर वाढला होता.

चपला पानाआड पडून होती. आईने वाटी दाराशी ठेवली. आज तीत काढा नव्हता, अंडे होते. ठेवून ती गेली नाही. बराच वेळ तिची सावली पानावर होती.

“चपला,” ती हळूच म्हणाली, “ओढ्याला पाणी आहे का गं अजून?”

“गुडघाभर आहे.”

“मी गेले तेव्हा कमरेएवढं होतं. माझे बाबा काठावर उभे होते. हातसुद्धा हलवला नाही त्यांनी, पण बघत होते.” ती पानाच्या आणखी जवळ सरकली. “मी बघितलं आज. मी डोळे मिटले नव्हते.”

थोड्या वेळाने वाटी आत ओढल्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी नाक ओढल्याचा. एरवी त्या आवाजाने सुकेशिनीबाई काढा आणायला धावल्या असत्या. आज त्या तिथेच बसून राहिल्या.

तात्पर्य : मुलांनो, साप घरात आला तर घाबरू नका, शांतपणे वेलच बडवत राहा. साप चावला तर तो अपघात असतो. मारला तर आज्ञाभंग.