बिशपसाहेबांच्या ताटातला मासा

ऐन उपासाच्या महिन्यात गेरमोंद गुरुजींच्या स्वयंपाकघरात माशाने अंडं घातलं.

मासा म्हणजे तसं ते बदकच होतं. पण समुद्रात तरंगणाऱ्या ओंडक्यांना ही बदकं फळांसारखी धरतात आणि पिकली की पाण्यात पडतात, असं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे लोक शपथेवर सांगतात. ज्याला आई नाही, बाप नाही, त्याला मांस कसं म्हणायचं? ईस्टरआधीच्या उपासाला मांस आणि अंडी वर्ज्य, मासा चालतो, म्हणून हे बदकही मासा म्हणून चालतं. रोज खारवलेला हेरिंग मासा खाऊन तोंडाची चव गेली की असल्या गोष्टी माणसाला चटकन पटतात.

त्या दुपारी बिशपसाहेब गुरुजींकडे जेवायला येणार होते. कॅथेड्रलच्या शाळेचं प्रमुखपद रिकामं होतं आणि त्यावर दोघांचा डोळा होता, गेरमोंद गुरुजींचा आणि शेजारच्या टीबो गुरुजींचा. गेरमोंद शिकवायचे की हा माणूस आहे, तो माणूस आहे, पण नुसता 'माणूस' असा जगात कुठेच नाही. ते एक नाव, तोंडातून निघालेला वारा. टीबो म्हणायचे की 'माणूसपण' हीच खरी वस्तू, तुम्ही-आम्ही तिच्या फिक्या नकला. एवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. हा 'वारा' बिशपसाहेबांच्या कानावर गेला होता. पाखंडी ठरलं तर पद राहिलं बाजूला, गावच सोडावं लागलं असतं. म्हणून गुरुजींनी जेवणाचा घाट घातला होता, आणि शेवटच्या घासाला आपलं मत गुपचूप मागे घ्यायचं, असंही ठरवलं होतं.

"गुरुजी, जरा इकडे या," घर सांभाळणाऱ्या एरसांदबाईंनी हाक मारली.

गुरुजींनी टोपलीत पाहिलं. अंडं अजून कोमट होतं.

"मासेही अंडी घालतात, बाई."

"घालतात. पण वर बसत नाहीत. मी हात घातला तर बोट फोडलं मेलीने."

"पण विकणाऱ्याने शपथ घेतली होती ना?"

"संताच्या हाडावर हात ठेवून घेतली होती. आता ते हाड तरी कुणाचं, देव जाणे."

"मग हेरिंगच शिजवा."

"कुठला हेरिंग? सकाळी तुम्हीच भिकाऱ्यांना वाटायला लावलात. बिशपसाहेबांच्या कानावर जावं म्हणून."

आता बदकावाचून गत्यंतर नव्हतं. एरसांदबाईंनी ते चुलीवर चढवलं. अंडं तेवढं राहिलं. उपासात अंडं सापडणं म्हणजे चोराच्या घरात चांदीची समई सापडण्यासारखं. ते कुठे ठेवावं याचा विचार करेपर्यंत दार वाजलं, आणि गुरुजींनी ते आपल्या झग्याच्या रुंद बाहीत सोडलं.

दारात बिशपसाहेब होते आणि त्यांच्यामागे, कुणी न बोलावता, टीबो.

"सकाळपासून भिंतीपलीकडून आवाज येत होता," टीबो गोड हसून म्हणाले. "म्हटलं, गेरमोंदचा मासा बोलतो कसा ते बघून यावं."

बिशपसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना वास आला होता. ते बसले आणि एक तंगडी संपवून दुसरी हातात घेतली. दर उपासाला ते हाच मासा खात, आणि देवाने समुद्रात केवढी सोय करून ठेवली आहे, याचं त्यांना दरवेळी भरून येई. टीबोंनी मात्र गेरमोंदच्या बाहीचा फुगवटा हेरला होता.

"चला, आज भांडण मिटवू," असं म्हणत त्यांनी गेरमोंदचा हात बाहीवरून प्रेमाने दाबला.

काड्कन आवाज झाला. मनगटावरून पिवळा बलक ओघळला आणि सरळ बिशपसाहेबांच्या ताटाशेजारी पडला.

"बघा साहेब," टीबो म्हणाले. "कोमट अंडं. आईबाप असलेलं पाखरू आहे ते. त्याच्यातलं पाखरूपण खरं आहे. तुम्ही मासा म्हणालात म्हणून ते जातं थोडंच?"

बिशपसाहेबांनी तंगडी खाली ठेवली.

"म्हणजे मी उपासात मांस खाल्लं? आणि इतकी वर्षं खात आलो?"

आपण कुणाचा गळा धरला हे टीबोंना आत्ता कळलं. बिशपसाहेब गेरमोंदकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे?"

गुरुजी पाठ करून ठेवलेली माघार पार विसरले. घाबरल्यावर माणूस जन्मभर बोलत आला तेच बोलतो.

"साहेब, पाखरू काय, मासा काय, ही आपण ठेवलेली नावं. ताटात आहे ती फक्त ही एक तंगडी."

"आणि नाव कुणी ठेवायचं?"

"ज्याला अधिकार आहे त्याने."

बिशपसाहेबांनी तंगडी पुन्हा उचलली. "मग हा मासा."

"साहेब, हे तर पाखंड झालं," टीबो पुटपुटले.

"ताटावर बसून पाखंडाच्या गोष्टी काढू नकोस. वाढून घे."

टीबोंनी वाढून घेतलं.

रविवारी निकाल लागला. शाळा टीबोंना मिळाली. गेरमोंदना बोलावून बिशपसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "तुझं मत उत्तम आहे रे, पण ते पोरांपुढे नको. आज म्हणतील पाखरू हे नुसतं नाव, उद्या म्हणतील बिशप हेही नुसतं नाव. तू माझ्या स्वयंपाकघरात ये. उपासात काय आलं, त्याला काय म्हणायचं, ते तू ठरवायचं."

गुरुजींना फार वाईट वाटलं. ज्या शाळेसाठी आयुष्य घातलं तिच्या दारात आता टीबो उभे राहणार होते. पण गाव सुटलं नव्हतं, आणि बिशपसाहेबांना नाही कोण म्हणणार?

कामाच्या पहिल्याच सकाळी आचाऱ्याने त्यांच्यापुढे एक गुबगुबीत डुकराचं पिल्लू आणून ठेवलं. "साहेबांनी पाठवलंय. दुपारपर्यंत कळवा म्हणाले."

गुरुजींनी बाह्या सावरल्या आणि हळूच विचारलं, "पोहता येतं का याला?"