साडूभाऊंचा पहिला बॅले

"मी नाही येत. माझ्या तिकिटावर भाऊजींना न्या," बायको म्हणाली आणि कणकेचा डबा बंद करावा तितक्या सहजपणे तिने विषय बंद केला.

दंतवैद्य दोन्ही तिकिटं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभेच राहिले. ही काही साधीसुधी तिकिटं नव्हती. ज्या नर्तकीला त्यांनी अगदी मागच्या रांगेत, कोपऱ्यात, समुद्राची लाट म्हणून उभी असल्यापासून पाहिलं होतं, ती आज निवृत्त होणार होती. दुपारचा हा खेळ तिचा शेवटचा. त्यासाठी डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता, दाढदुखीच्या एका पेशंटला गोळ्यांवर थोपवून धरलं होतं.

"अगं, पण साडूभाऊंना बॅलेतलं काय कळणार?"

"डोळे आहेत ना त्यांना? ताई गेल्यापासून दुकानातून घर आणि घरातून दुकान. माणसाने कुठेतरी जायला हवं. आणि खरं सांगू का? तुमच्या शेजारी बसणं म्हणजे परीक्षेला बसणं. मागच्या खेपेला मी पर्सची चेन उघडली, तर तुम्ही असे बघायला लागलात, जसा काही मी कुणाचा गळाच चिरला."

"चेन घरून उघडून आणायची असते," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

बॅले कसा बघावा याबद्दल डॉक्टरांची मतं पक्की होती आणि खुर्चीवर आ वासून बसलेल्या प्रत्येक पेशंटने ती ऐकलेली होती, कारण त्या अवस्थेत कुणालाच वाद घालता येत नसे. नाट्यगृहात दोन प्रकारची माणसं येतात, एक बघायला येणारी आणि दुसरी दिसायला येणारी, असं ते म्हणत. दिसायला येणारी खाली पुढच्या रांगांत बसतात, जिथून नर्तकांचे पाय धड दिसत नाहीत. बघणाऱ्याची जागा एकच, बाल्कनीची पहिली रांग. तिथे बसून कठड्यावर वाकायचं नाही, कारण वाकणारा मागच्या सगळ्यांचा गुन्हेगार असतो. खोकला घरी संपवून यायचा. भरल्या पोटी झोप येते आणि रिकाम्या पोटातून आवाज येतात, म्हणून अर्धपोटी यायचं. टाळ्या पडदा पडल्यावर. आणि उशिरा येणाऱ्याला तर क्षमाच नाही. तिसऱ्या घंटेनंतर दारं बंद करा म्हणून त्यांनी व्यवस्थापकाकडे इतके खेटे घातले होते की शेवटी तो माणूस कंटाळला आणि त्याने तशी पाटीच लावून टाकली. जाता-येता डॉक्टर त्या पाटीकडे स्वतःच्या मुलाकडे बघावं तसं बघत.

एकाच बाबतीत मात्र ते 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' होते. त्यांचा वरचा पुढचा एक दात खोटा होता आणि बरेच दिवस हलत होता. पेशंटला ते म्हणत, "हलणारा दात आणि गळणारा नळ, उद्यावर टाकू नये." पण गावात त्यांचा विश्वास बसेल असा दंतवैद्य एकच होता, आणि त्याला स्वतःच्या तोंडात दोन्ही हात घालता येत नव्हते.

साडूभाऊंचं टायरचं दुकान होतं. आडवा बांधा, जाड बोटं, आणि हवा भरायच्या यंत्राच्या खडखडाटावर मात करून करून कमावलेला आवाज. एकेकाळी ते दुकानातून "चहा!" म्हणून ओरडले की पलीकडच्या चौकातला चहावाला दचकायचा. बायको गेल्यावर मात्र तो आवाज कुठे विरला कोण जाणे. आता "हं" आणि "बरं" एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघे. बसस्टॉपवर ते डांबरगोळ्यांचा वास येणारा काळा कोट घालून उभे होते. त्यांना बघून डॉक्टरांना एक विचार चाटून गेला आणि त्याची लगेच लाजही वाटली: प्रेक्षक म्हणून हा माणूस आता अगदी आदर्श आहे.

बसमध्ये डॉक्टरांनी सगळे नियम सांगितले. प्रत्येकाला साडूभाऊ "बरं" म्हणाले.

"आणि गोष्ट आधी माहीत हवी," डॉक्टर पुढे म्हणाले. "नाहीतर माणूस पायांकडे न बघता पुढे काय होणार याकडेच बघत बसतो. तर एक नावाडी असतो. त्याचं नवीन लग्न झालेलं. बायकोवर भारी जीव. एके दिवशी नदीला पूर येतो आणि ती..."

इथे डॉक्टरांची जीभ टाळ्याला चिकटली. पुरात ती बुडते. दुसऱ्या अंकात, एका संध्याकाळपुरती, ती नवऱ्याला भेटायला परत येते आणि कायमची जाते. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा बघितली होती की ती कुणा माणसाची गोष्ट आहे हेच ते विसरले होते.

"आणि ती?" साडूभाऊंनी विचारलं.

"ती... माहेरी जाते."

"पुरात?"

"पुराच्या आधी. पाऊस बघून निघते."

"बरं," साडूभाऊ म्हणाले.

पहिला अंक सुरू झाला आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांचं रंगमंचाकडे लक्ष लागेना. ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून साडूकडे बघत होते. साडू गुडघ्यांवर हात ठेवून दगडासारखे बसले होते. पूर जवळ येत होता. काळजीने डॉक्टरांच्या घशाला कोरड पडली, मग खवखव सुरू झाली. पण त्याचीही तयारी होती. खोकल्याची गोळी त्यांनी कागद काढूनच खिशात ठेवली होती. ती त्यांनी आवाज न करता तोंडात टाकली, आणि दातांवर आपटून टकटक होऊ नये म्हणून पुढच्या दातांत घट्ट धरून ठेवली.

गोळी हळूहळू मऊ झाली, चिकट झाली. तेवढ्यात नावाड्याच्या बायकोचं काम करणाऱ्या त्या नर्तकीने ती सुप्रसिद्ध उडी घेतली, पुराच्या लाटेवरून पलीकडे जाणारी. या वयात आणि शेवटच्या दिवशी ती इतकी उंच गेली की डॉक्टरांचा आ वासला. तोंड उघडलं, पण गोळी खालच्या दातांना चिकटून राहिली आणि वरचा खोटा दात तिच्याबरोबर निघून आला.

डॉक्टरांनी तो ऐवज दोन बोटांनी सोडवला. तो लाळेने बुळबुळीत झाला होता. साबणाची वडी निसटावी तसा तो निसटला, कठड्यावर एकदा वाजला आणि खाली गेला.

डॉक्टर कठड्यावर वाकले. अगदी छातीपर्यंत वाकले. खाली एका बाईंचा मोठा थोरला अंबाडा होता, आणि त्या अंबाड्यात, रंगमंचाच्या उजेडात, एक दात चमकत होता.

"श्श! खाली बसा हो!" मागून कुणीतरी खेकसलं.

डॉक्टर खाली बसले. आयुष्यात आजवर त्यांनी शेकडो माणसांना गप्प केलं होतं. आपल्याला कुणी केलं की ते कानाच्या पाळीत इतकं गरम लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. या गडबडीत नावाड्याची बायको केव्हा बुडाली तेही कळलं नाही. दिवे लागले.

साडूभाऊंनी सावकाश मान वळवली. "डॉक्टर, ती माहेरी गेलेली नाही."

डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. "शाडूभाऊ, माफ करा. तुम्हाला घरी जायचं अशेल तर..."

"पुढे काय होतं?"

"ती परत येते. थोड्या वेळापुरती."

"मग मी बसतो," साडूभाऊ म्हणाले, आणि बंद पडद्याकडे बघत बसून राहिले.

डॉक्टर तोंडावर रुमाल धरून खाली धावले. अंबाड्याच्या बाई वाद्यवृंदाजवळ, यजमानांबरोबर उभ्या होत्या.

"बाई, तुमच्या केशांत माझा दात आहे."

बाईंनी यजमानांकडे बघितलं. यजमान पुढे झाले. "काय म्हणालात?"

"दात. माझा. वरून पडला."

बाई किंचाळल्या. त्यांनी अंबाड्यात हात घातला, त्यामुळे दात आणखी आत गेला. यजमानांनी बोट घातलं, ते गोळीला चिकटलं. शेवटी दारावरच्या बाई आल्या. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या तक्रारी ऐकलेल्या बाई त्या. त्यांनी स्वतःच्या डोक्यातली पिन काढली, एका झटक्यात दात बाहेर काढला आणि काही न बोलता डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला. त्यांच्या त्या न बोलण्यात फार काही होतं.

दात हातात घेऊन बॅले बघणं शक्य नव्हतं. डॉक्टर बेसिनपाशी गेले, त्यांनी दात धुतला, आरशात बघून बसवला. तो वाकडा बसला. त्यांच्यातला दंतवैद्य जागा झाला. काढून पुन्हा बसवला. आता सरळ होता, पण हलत होता. तिसऱ्यांदा मनासारखा बसला तेव्हा बाहेर घंटा वाजून थांबली होती.

ते धापा टाकत बाल्कनीच्या दाराशी आले. दार बंद. दारापुढे त्याच बाई.

"जाऊ द्या ना मला. पहिलीच रांग आहे. ओणवा होऊन जाईन."

बाईंनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. "साहेब, तुमच्यासाठीच तर लावलीय ती."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. "अहो, माझ्यासाठी नाही म्हणत मी," डॉक्टर काकुळतीला आले. "आत माझे साडू आहेत. त्यांची बायको वारलीय, आणि आता आत ती बायको... म्हणजे नावाड्याची... ते एकटे आहेत हो."

बाईंचा चेहरा मऊ झाला. पण दार उघडलं तर उजेडाची तिरीप थेट रंगमंचापर्यंत जाते, असं डॉक्टरांनीच त्यांना एकदा बजावलं होतं. "बसा इथे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बाकावरची धूळ झटकली.

डॉक्टर बसले. दारातून संगीत येत होतं. त्यांना सूर न् सूर पाठ होता. आता ती धुक्यातून आली. आता नावाड्याने तिला ओळखलं. आता दोघं नाचताहेत. आता व्हायोलिनं एकेक करून गप्प होताहेत, म्हणजे ती निघाली, नवऱ्याकडे पाठ करून, एकेक पाऊल टाकत. पुढे वाद्यं थांबतात आणि नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. डॉक्टर याच शांततेसाठी वर्षानुवर्षं येत होते.

त्या शांततेत आवाज आला.

"अगं, थांब!"

टायरच्या दुकानातून पलीकडच्या चौकात पोचणारा तो आवाज बंद दाराला बधला नाही. डॉक्टरांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. दारावरच्या बाईंनी तोंडाला हात लावला. आत काही क्षण काहीच नव्हतं. मग एकेक वाद्य पुन्हा सुरू झालं, संपलं, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की दाराची कडी थरथरली.

लोक बाहेर पडू लागले. अनेकांचे डोळे लाल होते. सगळ्यांच्या शेवटी साडूभाऊ आले, मान खाली घालून.

"डॉक्टर, मी तुमची लाज घालवली."

"ऐकलं मी."

"मला कळलंच नाही तोंडातून कसं गेलं. ती पाठमोरी निघाली ना..." साडूभाऊ कोटाचं बटण चाचपत राहिले. "हिलाही असंच नेलं हो. ऑपरेशनला. खाटेवर, कुशीवर, पाठमोरी. मी काहीच बोललो नाही. म्हटलं, येईलच बाहेर. एवढा आवाज देवाने दिला, आणि त्या वेळेला फुटला नाही."

डॉक्टरांनी बाकावर सरकून जागा केली. साडूभाऊ बसले.

"पण ती थांबली, म्हणून जरा हलकं वाटलं," ते म्हणाले. "वळली, वर माझ्याकडे बघितलं, आणि मग गेली."

"वळली?"

"हो. का? तसंच असतं ना ते?"

ती कधीही वळत नसे. तिने वळू नये यावरच तर तो सगळा नाच उभा होता. त्यावर डॉक्टरांनी बायकोला किती संध्याकाळी व्याख्यानं दिली होती! आज पहिल्यांदा आणि शेवटचं ती वळली, आणि ते दाराच्या अलीकडे बाकावर बसले होते. क्षणभर त्यांना हेवा वाटला. हे चुकीचं आहे, नियमात बसत नाही, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. समोर साडूभाऊ बघत होते, खुर्चीवर बसलेला पेशंट 'दुखेल का?' म्हणून बघतो तसे.

"नाही, साडूभाऊ," डॉक्टर म्हणाले. "ती कधीच वळत नाही. मी इतक्यांदा बघितलंय, एकदाही नाही."

"मग आज?"

"तुम्ही हाक मारलीत म्हणून."

साडूभाऊंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. दारावरच्या बाई उगाचच दुसऱ्या टोकाचे पडदे सारखे करायला निघून गेल्या.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेले. तिथे डॉक्टरांना राहवेना. "कशी वळली हो? आधी मान, की आधी खांदा?"

साडूभाऊंनी थोडा विचार केला. मग ते फुटपाथच्या मध्यभागी पाठ करून उभे राहिले. काळ्या कोटातला तो आडवा देह आधी अगदी स्थिर झाला. मग खांदा किंचित कलला, त्यामागून मान आली, आणि ते सावकाश वर बघू लागले, समोरच्या इमारतीच्या गच्चीच्याही वर कुठेतरी. रांगेतली माणसं त्यांच्याकडे टकामका बघत होती.

"पुन्हा एकदा," डॉक्टर हळूच म्हणाले.

साडूभाऊंनी पुन्हा करून दाखवलं. बस आली, थांबली आणि निघून गेली.

"पुढचा बॅले कधी असतो?" साडूभाऊंनी घाम पुसत विचारलं.

"पुढच्या महिन्यात. आपली दोघांची तिकिटं मी आत्ताच काढून ठेवतो, शेजारशेजारची."

साडूभाऊ जरा घुटमळले. "राग नका मानू, डॉक्टर. पण माझं थोडं लांबचं काढा. तुम्ही फार चुळबुळ करता."