अकरा नंबरची गोळी काल लागते

नवी नळी बसवल्यापासून पोलीस मुख्यालयातल्या अकरा नंबरच्या रायफलीची गोळी आदल्या दिवशी लागू लागली. आधी आळ आला तो मुलाणीवर. मुलाणी हा चांदमारीच्या मैदानावर निशाणाचे कागद लावणारा शिपाई. सोमवारी सकाळी साडेदहाला कोऱ्या कागदाला आपोआप भोक पडलं, तेव्हा आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा हवालदार रामलिंग बिराजदार त्याला म्हणाला, “छत्रीचं टोक खुपसलंस व्हय रं?” मुलाणीने आईची शपथ घेतली. मंगळवारी साडेदहाला रामलिंगने अकरा नंबरची पहिली गोळी झाडली, कागद कोराच राहिला, आणि मुलाणीची बाजू खरी ठरली. रामलिंगने त्याला चहा पाजला.

चूक रामलिंगचीच होती, आणि ती त्याने कुणावर ढकलली नाही. ऐंशी वर्षांची रायफल, तिची जुनी नळी झिजून गुळगुळीत झाली होती. नवी नळी आटे फिरवत बसवायची, आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो उभा दाणा, मागच्या खाचेसमोर सरळ उभा राहिला की हात थांबवायचा. रामलिंग समोर दोरीला ओळंबा टांगून माशी त्या दोरीशी डोळ्यानेच जुळवायचा. बत्तीस वर्षांत त्याला पट्टी लागली नव्हती आणि त्याचा एकही नेम चुकला नव्हता. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण त्या शनिवारी हात केसभर पुढे गेला आणि बंदुकीवरची माशी कलली. माशी कलली की एरवी गोळी डावी-उजवीकडे जाते. ही मागे गेली, एवढाच फरक.

त्याने लाकडी हातोडीने माशी हळूच ठोकून पाहिली. डावीकडे ठोकली की गोळी कालच्या कागदावर उजवीकडे सरके, उजवीकडे ठोकली की डावीकडे. बुधवारपर्यंत त्याने ती कालच्या काळ्या वर्तुळाच्या अगदी मधोमध आणली. पण आज काही लागेना.

“नळीच केसभर मागं फिरवावी लागंल, साहेब,” तो राखीव निरीक्षक पाटणकरांना म्हणाला.

पाटणकरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. “बसवलेली नळी हलवली तर ती नवीन नळी धरतात. नवीन नळी वीस वर्षांतून एकदा. शनिवारी नोंद केलीत ना?”

“व्हय साहेब.”

“मग वीस वर्षं थांबा.”

थांबायला दोनच दिवस होते. शुक्रवारी राजधानीहून तपासणी अधिकारी यायचे होते. जुन्या रायफलींना पाच गोळ्यांची परीक्षा. पाचही वर्तुळात गेल्या तर रायफल राहणार, एक जरी बाहेर गेली तरी कटरने तिचे तुकडे. अकरा नंबर रामलिंगने भरतीच्या पहिल्या वर्षी हातात घेतली होती. तिचा दस्ता त्याच्या गालाला इतका सवयीचा होता, की घरी उशी बदलली तर झोप येत नसे. तिचे तुकडे होणार या विचाराने त्याला जेवण गेलं नाही, आणि ते त्याने बायकोला सरळ सांगितलं.

पाटणकर मात्र माणूस हिशोबी. ते म्हणाले, “परीक्षा शुक्रवारची असली तरी गोळ्या गुरुवारी लागणार. तेव्हा कागद गुरुवारीच लावून सील करू. शुक्रवारी साहेबांना तो दाखवायचा. नियमात कागद लागलेला हवा. कधी लागला, ते विचारलेलं नाही.”

गुरुवारी सकाळी कागद लागला. अकरा नंबर कुलपात होती, किल्ली पाटणकरांच्या खिशात. अकरा वाजता पहिलं भोक पडलं, मधोमध. मग दुसरं, तिसरं, चौथं. चारही एका रुपयाखाली झाकली गेली असती. रामलिंग पाचव्याची वाट पाहत उभा राहिला. साडेअकरा झाले, बारा झाले. पाचवं आलंच नाही.

“म्हंजे उद्या म्या चुकनार,” तो म्हणाला.

पाचवी गोळी मुलाणीला सापडली. तपासणी पथकाचा गॅस कटर सामानाच्या टेम्पोतून एक दिवस आधीच येऊन शेडजवळ उभा होता. त्याच्या पितळी तोटीत ती भोक पाडून अडकली होती. कटरवाला तेव्हा चहाला गेला होता, हे नशीब. रामलिंगने गोळी काढून भिंगाखाली धरली. नव्या नळीच्या आतल्या आट्यांचे वळ तिच्यावर स्पष्ट उमटले होते. अकरा नंबरचीच.

शुक्रवारी तपासणी अधिकारी कोरगावकर आले. मोडका कटर तोवर शेडच्या आत नेऊन ठेवला होता, आणि मैदानावर कालचाच कागद होता. ज्याने नळी बसवली त्यानेच झाडायचं, असा नियम. अकरा वाजता रामलिंग आडवा झाला, दस्ता गालाला लावला आणि चार गोळ्या कागदाकडे झाडल्या. कोरगावकरांनी दुर्बिणीतून कागद पाहिला, चार भोकं मोजली आणि समाधानाने मान हलवली.

“आणखी एक अशीच,” ते म्हणाले, “की रायफल तुमची.”

रामलिंगने घाम पुसला. कागद समोर होता, वर्तुळ समोर होतं. पण शस्त्रागारात बाकी काही हरवलं तर चालतं, गोळी हरवून चालत नाही. तोटीतली गोळी त्याने हातात धरली होती, आणि ती आज झाडली नाही तर तिथे गेली कुठून, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागलं असतं. तो उठला, वळला, आणि शेडजवळच्या मोकळ्या जागेवर नेम धरला.

“हवालदार, तिथे काय आहे?”

“आज काय न्हाई, साहेब. काल हुतं. जरा बाजूला व्हता का?”

कोरगावकर बाजूला झाले. गोळी सुटली, धूळसुद्धा उडाली नाही. त्यांनी टेबलावर बसून लिहायला घेतलं: चार बरोबर, एक चूक, रायफल नापास. “कटर आणा.”

पाटणकरांनी कटर आणवला आणि तोटी दाखवली. कोरगावकरांनी तोटीच्या भोकातून बोट घालून पाहिलं. “हे कधी झालं?”

“काल, साहेब. रायफल कुलपात असताना.”

“मग रायफलीचा संबंध नाही.” त्यांनी नियम काढून वाचला. नापास रायफल त्याच दिवशी, अधिकाऱ्यासमोर कापायची. तसं जमलं नाही तर ती पुढच्या तपासणीपर्यंत शस्त्रागारात परत. पुढची तपासणी दहा वर्षांनी. त्यांनी तसा शेरा मारला आणि पेनाचं टोपण लावलं.

रामलिंगने अकरा नंबर उराशी धरली. त्याचे डोळे भरले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

कोरगावकरांनी टोपण पुन्हा काढलं. “चुकलेल्या नेमाची नोंद मात्र तुमच्या सेवापुस्तकात जाणार. बत्तीस वर्षांत पहिलीच दिसते.”

“व्हय साहेब.”

“वाईट वाटतंय?”

रामलिंगने प्रामाणिकपणे विचार केला.

“काल लई वाटलं, साहेब,” तो म्हणाला. “आज न्हाई.”