ग्रंथातील कुत्रा

इमारतीच्या तळमजल्यावरील प्रार्थनेच्या खोलीत त्या सायंकाळी समस्त रहिवासी एकत्र झाले होते आणि सभेपुढील विषय एका कुत्र्याचा होता. कुत्र्याचे नाव मेजर. त्याची मालकीण म्हणजे एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिका, ज्यांना सारी इमारत काकू म्हणत असे. काकूंची घरी वाट पाहणारा मेजर हा एकमेव जीव होता. त्याने अध्यक्षांच्या नव्या गाडीच्या चाकापाशी जे कृत्य केले, त्याचे वर्णन येथे करणे उचित नव्हे. परंतु त्यास आजच्या आज घालवावे, असा अध्यक्षांचा निर्धार होता.

"आपल्या ग्रंथात साफ लिहिलंय," अध्यक्ष गरजले, "कुत्रा असलेल्या घरात देव पाऊल टाकत नाही!"

"कुठल्या पानावर?" मेजरच्या डोक्यावर हात ठेवून काकूंनी विचारले.

"पान काय विचारता? जागोजागी लिहिलंय!"

"मग कुठंही उघडा की."

सर्वांच्या माना समोर वळल्या. ग्रंथ समोरच काचेच्या कपाटात विराजमान होता. प्रत्येक रहिवासी कामावर जाताना त्या काचेस कपाळ टेकवीत असे. त्या योगे काचेवर एक तेलकट डाग पडला होता आणि ग्रंथ त्यातून काहीसा धूसर दिसे. कपाटास कुलूप होते. चावीविषयी चौकशी करता असे निष्पन्न झाले की, ती प्रत्येकाच्या मते दुसऱ्याकडे होती.

तेव्हा कुलूपवाल्यास पाचारण करण्यात आले.

"हे तर गंजून एक झालंय," तो म्हणाला. "शेवटचं कधी उघडलं होतं?"

"अहो, आम्ही रोज दर्शन घेतो!" पहिल्या मजल्यावरील दंतवैद्य दुखावले.

"दर्शन बाहेरून झालं, मालक. गंज आतून लागलाय."

करवत चालली, कुलूप तुटले, ग्रंथ बाहेर आला. आता वाचावे कोणी? एकाएकी सर्वांचे चष्मे घरी राहिले. दंतवैद्यांचा नाकावरच होता, पण तो लांबचा निघाला. अखेर अध्यक्षांनी आपल्या सुनेस पुढे केले.

"फक्त कुत्रा शोध. बाकीचं वाचू नकोस."

"बाबा, वाचल्याशिवाय कुत्रा सापडणार कसा?" असे म्हणून तिने मधलेच पान उघडले. "‘जो सर्वांची वाट अडवून आपले घर वाढवितो, त्याच्या प्रार्थनेस द्वार बंद असते.’"

अध्यक्षांनी जिन्यापुढील सामाईक जागा जाळी ठोकून आपल्या घरात घेतली होती. सर्वांनी आदरपूर्वक छताकडे पाहिले.

"ते जुन्या काळचं आहे," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा इमारती कुठं होत्या? पुढं चल."

"‘जो निरोग्यास रोग सांगून धन घेतो—’"

"पान उलट, पान उलट!" दंतवैद्य ओरडले.

"थांबा हो डॉक्टर," अध्यक्ष गालावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या त्या दोन दाढा खरंच किडल्या होत्या ना?"

दंतवैद्यांनी उत्तर देण्यापूर्वीच सून पुढे वाचू लागली होती. "‘जो तराजूस बोट लावतो—’"

मागील रांगेतील किराणा दुकानदारास त्याच क्षणी घरी गॅस चालू राहिल्याचे स्मरण झाले. त्याच्या पाठोपाठ आणखी चौघांचे गॅस चालू राहिले.

"कुत्र्याचं आलं का गं?" काकूंनी विचारले.

"अजून नाही, काकू. पण तेवढ्यात अर्धी इमारत येऊन गेली."

अध्यक्ष ताडकन उठले. "ग्रंथाची ही विटंबना मला बघवत नाही! ठेव तो आत. कुलूपवाले, मोठं कुलूप आहे का? सगळ्यात मोठं?"

"आणि मेजरचं काय ठरलं?" काकूंनी विचारले.

"ग्रंथात काय आहे ते बघितल्याशिवाय कसं ठरवणार?" अध्यक्षांनी घाम पुसला. "आणि ग्रंथ तर आता कुणी उघडायचा नाही."

ठराव एकमताने संमत झाला. नवे कुलूप बसवून कुलूपवाल्याने चावी पुढे केली, तेव्हा झाडून सर्वांचे हात पाठीमागे गेले. काकूंनी मात्र ती शांतपणे घेतली आणि तेथेच मेजरच्या पट्ट्याच्या कडीत अडकविली.

तेव्हापासून जिन्यात ती चावी खुळखुळू लागली की, अध्यक्ष भिंतीस पाठ लावून उभे राहतात आणि मेजर दिसेनासा होईपर्यंत हात जोडलेले ठेवतात.