तातेरावांचं प्रमाणित बसणं

दुःखी माणसाजवळ प्रशिक्षण नसलेल्या माणसानं बसणं धोक्याचं असतं, हे आता सर्व जाणकारांनी मान्य केलेलं आहे. आपले वाडवडील हा धोका वर्षानुवर्षं पत्करत आले, याचं नवल वाटतं. कुणाच्या घरी काही झालं की उठायचे, चालत जायचे आणि खुशाल बसायचे. हातात प्रमाणपत्र नाही, मूल्यमापन नाही, अभिप्रायाचा तक्ता नाही. या अशास्त्रीय पद्धतीनं किती माणसं बरी झाली याची साधी नोंदसुद्धा कुणी ठेवली नाही. असा सगळा बेजबाबदार कारभार होता.

आमच्या मंठा गावापुरती ही उणीव रितिकानं भरून काढली. रितिका म्हणजे बाजारगल्लीतले कापडवाले बजरंगलाल शेठ, त्यांची नात. पुण्याला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम करून ती परतली आणि खताच्या दुकानावरच्या माडीत तिनं 'अंतःशांती सहवास केंद्र' उघडलं. 'आध्यात्मिक मार्गदर्शन, मूक सोबत व आतल्या जखमांवर उपचार' अशी पाटी लावली. (खालच्या दुकानाची पाटी 'सर्व रोगांवर खात्रीशीर फवारणी' अशी आहे. रंगारी एकच असल्यामुळे अक्षर सारखं आलंय.) केंद्राच्या माहितीपत्रकात 'समर्थांचं जांब हाकेच्या अंतरावर' असंही छापलं होतं. हाक जरा मोठी मारावी लागते, एवढंच.

आता तातेराव. मंठ्याजवळच्या खेड्यातले, वय सहासष्ट. शेती पोरानं हातात घेतल्यापासून मोकळे. पंचक्रोशीत त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे बसायला जाणं. कुणाकडं माती झाली की तातेराव खांद्यावर उपरणं टाकून हजर. चपला उंबऱ्याबाहेर, बैठक भिंतीच्या कडेला, आणि 'कसं काय झालं हो?' हा प्रश्न बिलकुल नाही. दोन तास बसले तरी चार वाक्यं बोलायचे, त्यातलं एक पावसाबद्दल असायचं. पण तातेराव येऊन गेले की त्या घरातली चूल पेटायची, असं लोक सांगत. अर्थात हे ऐकीव आहे, आकडेवारी नाही.

अशा माणसाला रितिका म्हणाली, "काका, तुम्ही हेच काम करता. फक्त पद्धतशीर करत नाही."

तातेरावांना हे फार लागलं. पस्तीस वर्षं बसतोय आणि पद्धतशीर नाही म्हणजे काय? ते त्याच दिवशी तीन दिवसांच्या शिबिरात दाखल झाले.

शिबिरात सहा नियम शिकवले. सल्ला द्यायचा नाही. अंगाला हात लावायचा नाही. खाण्यापिण्याचा विषय काढायचा नाही. दर सात मिनिटांनी मान हळुवार हलवायची. प्रश्न एकच विचारायचा, 'तुमच्या आत आत्ता काय चाललंय?' आणि सहावा नियम, उठताना निरोप घेऊन समोरच्याची तंद्री मोडायची नाही, मुकाट निघायचं. समोरच्या माणसाला 'साधक' म्हणायचं. तातेराव पहिल्या दिवशी त्याला 'पेशंट' म्हणाले, दुसऱ्या दिवशी 'पाव्हणा', आणि तिसऱ्या दिवशी त्यांना टोकणं सोडून दिलं.

प्रात्यक्षिक परीक्षेत जिनेंद्र नावाच्या तरुणानं दुःखी माणसाचा अभिनय करायचा होता. तातेरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पहिल्याच मिनिटाला विचारलं, "सकाळपसून काही खाल्लं का रे बाबा?" जिनेंद्र खरंच उपाशी होता. घरी भांडून आल्ता. तो ढसाढसा रडायला लागला आणि परीक्षा थांबवावी लागली, कारण अभिनय अपेक्षित होता. तातेरावांना शंभरात एकतीस गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत होते. उरलेले नऊ वयाचे म्हणून दिले.

रितिकानं एवढी मेहरबानी का केली, तर घरचंच कारण होतं. बजरंगलाल शेठ मिटले होते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी भगवतीदेवी गेल्या, आणि तेव्हापासून शेठ समोरच्या खोलीत कोपऱ्यातल्या गादीवर बसून असत. दुकान मुनीम सांभाळायचा. शेठच्या बोलण्यात दोनच शब्द उरले होते, 'हं' आणि 'नको'. (रितिकाच्या नोंदीप्रमाणे दिवसाला सरासरी नऊ 'हं' आणि चौदा 'नको'.) वजन अकरा किलोनं उतरलं. डॉक्टर म्हणाले, औषध द्यायला आजार तर पाहिजे, पण हे असेच राहिले तर दिवाळी बघायचे नाहीत. केंद्रातले सात प्रशिक्षित सोबती तिनं आजोबांकडं पाठवून पाहिले. सातही जण 'नको' घेऊन परत आले. खरं सांगायचं तर ते केंद्र तिनं या एका माणसासाठीच उघडलं होतं, आणि तोच माणूस तिथं पाय ठेवत नव्हता. पोरगी घरच्या जिन्यात बसून रडायची. स्वतः प्रमाणित असल्यामुळे तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं.

मंगळवारी सकाळी तातेराव शेठच्या घरी आले. उपरणं खांद्यावर, छातीला केंद्राचा बिल्ला. चपला बाहेर काढल्या, भिंतीकडेला बसले. सात मिनिटांनी मान हलवली. चौदाव्या मिनिटाला पुन्हा हलवली. मग घसा साफ करून म्हणाले, "शेठ, तुमच्या आत आत्ता काय चालून राह्यलंय?"

"हं," शेठ म्हणाले.

तासाभरानं दुसऱ्यांदा विचारलं. "नको," शेठ म्हणाले. तातेरावांना जन्मात पहिल्यांदा बसायची लाज वाटली. ते नियमाप्रमाणे मुकाट उठले आणि 'येतो' न म्हणता बाहेर पडले.

इथं केंद्राच्या अभ्यासक्रमाची थोडी गफलत झाली. पुण्याचं माहीत नाही, पण आमच्याकडं 'येतो' न म्हणता माणूस एकाच प्रकारच्या घरातून निघतो. गल्लीनं पाहिलं ते असं: तातेराव आले, उपरणं टाकून दोन तास गप बसले, आणि 'येतो' न म्हणता खाली मान घालून गेले. कोपऱ्यातली गादी रस्त्यावरून दिसत नाही. शेठ चार महिन्यांत दुकानावर दिसले नव्हते. गल्लीला आणखी काय पुरावा पाहिजे? साडेदहाला शेठ वारले. पावणेअकराला मोंढ्यात बातमी पोचली, आणि मुनीम बिचारा वसुलीला शहागडला गेल्ता, रितिका केंद्रात शिबिरात अडकलेली, त्यामुळे खोडून काढायला कुणी नव्हतं. बुधवारी सकाळी तातेराव पुन्हा येऊन बसले, तेव्हा तर शिक्कामोर्तबच झालं.

ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात. तसे आले. सर्वांत आधी आली मागच्या गल्लीतली नूरबी, रजया शिवणारी. पिठलं-भाकरीचा डबा घेऊन ती रडतच आत शिरली. "क्या नेक आदमी था वो! कव्हा उंच आवाजात बोलला न्हाई!" म्हणत तिनं डबा ठेवला आणि डोळे पुसून कोपऱ्यात पाहिलं.

"नूरबी," शेठ म्हणाले, "मी इथंच आहे."

चार महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. रितिका जिन्यात उभी होती, तिनं वहीत वेळ टिपून घेतली.

तोवर मागून भाजीवाली बेबीनंदा आली, वाण्याची माणसं आली, लालमियाँ आले, तेरा डबे जमले. प्रत्येकाला शेठनं 'अरे, मी हाये, मी हाये' असं सांगितलं. लोक खजील झाले, पण परत कुणी गेलं नाही. बसायला आलेल्या माणसानं न बसता उठणं वाईट दिसतं, आणि आणलेला घास घरी परत नेता येत नाही. पेच मोठा होता.

तो बेबीनंदानं सोडवला. ती म्हणाली, "असू द्या. आम्ही भाभींसाठी बसतो. तव्हा कुठं बसू दिलं तुम्ही?"

हे मात्र खरं होतं. भगवतीदेवी गेल्या तेव्हा शेठच्या मुलानं, म्हणजे रितिकाच्या वडलांनी, रजतनं, पुण्याहून मोबाइलवर सुबक संदेश पाठवला होता: 'बैठक एकच दिवस, सभागृहात, सायंकाळी ४ ते ५. कृपया घरी येण्याची तसदी घेऊ नये.' संदेशाला प्रतिसाद उत्तम मिळाला. चारशे बारा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, तिघांनी चुकून अंगठा दाखवला, आणि एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. प्रत्यक्ष बैठकीतली तेवीस मिनिटं माइक नीट करण्यात गेली. त्यानंतर त्या घरात बसायला कुणीच आलं नाही, तसदी घेऊ नका म्हटल्यावर कोण घेणार? तातेरावसुद्धा अर्ध्या वाटेतून माघारी फिरले होते, आणि ते त्यांना अजून टोचत होतं.

लोक बसले. तातेरावांनी सातव्या मिनिटाला मान हलवली.

मग नूरबी म्हणाली, "शेठ, आता सांगते, गुस्सा करू नका. तुमच्या दुकानात मी लाल कपडा मागितला का भाभी मागच्या दारातून इशारा करायची. घेऊ नको, पहिल्याच धुण्यात रंग जातो म्हणून."

"मलाबी!" बेबीनंदा म्हणाली. वाण्याच्या बायकोनंही हात वर केला. खोलीतल्या सात बायकांना भगवतीदेवींनी त्या लाल कपड्यापासून वाचवलं होतं.

शेठ गादीवर ताठ झाले. "माझ्या दुकानात? माझ्याच पाठीमागं?" आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "चाळीस वर्षं? अरे तो लाल पक्का होता! बिलकुल पक्का! तिला काय कळत होतं कपड्यातलं?"

ते भांडायला लागले. नूरबीशी, बेबीनंदाशी, आणि मधूनच भिंतीवरच्या फोटोशी. हात नाचवून पक्क्या रंगाची लक्षणं सांगितली. शेवटी माणूस पाठवून दुकानातून लाल कपड्याचा तागा मागवला. बेबीनंदानं तुकडा फाडला, तांब्यातल्या पाण्यात बुचकळून दोनदा चोळला आणि तांब्या शेठच्या पुढ्यात धरला. पाणी लालभडक झालं होतं.

शेठ त्या पाण्याकडं लई वेळ बघत राहिले. "बराबर म्हणत होती," एवढंच बोलले, आणि मोठ्यानं रडले. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही. खोलीत कुणाचेच डोळे कोरडे राहिले नाहीत.

आठव्यांदा मान हलवायची वेळ झाली होती, पण तातेराव उठले. शेठच्या पाठीवर हात ठेवला, नूरबीचा डबा उघडला आणि म्हणाले, "घास घ्या, शेठ. मंग रडा, मी हाये."

शेठनं दीड भाकरी खाल्ली.

केंद्राचा अहवाल नंतर रीतसर तयार झाला. त्यात उपचार यशस्वी दाखवला असून पद्धत 'सामूहिक सहवास (पिठल्यासह)' अशी नोंदवली आहे. त्याच अहवालात सल्ला, स्पर्श आणि अन्न असे तीन नियम एका दमात मोडल्याबद्दल तातेरावांचं प्रमाणपत्र स्थगित केलं आहे. तो अहवाल लिहून झाल्यावर रितिका त्यांच्या शेतावर गेली आणि बांधावर बसली. तातेराव शेजारी येऊन बसले. मग त्यांनी पावसाचं विचारलं.

निघताना ती म्हणाली, "काका, माझ्याच आजोबांचं मला कळलं नाही."

"ताई, तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा," तातेराव म्हणाले. "ज्याच्याकडं मला पाठवता, त्यो माणूस कशावर बोलत बसला का त्याला येळ कळत न्हाई, तेवढं आधी सांगत जा. माझं काम व्हतं."

तेव्हापासून केंद्रानं नवी सेवा सुरू केली. पुण्या-मुंबईला, बंगलोरला गेलेल्या मुलामुलींच्या वतीनं तातेराव त्यांच्या आईवडलांकडं जाऊन बसतात. मागणी भरपूर आहे. अर्ज सोपा, रकाने चारच: नाव, पत्ता, चालू औषधं, आणि तातेरावांचा तो प्रश्न, 'कशावर बोलत बसलं की यांना वेळ कळत नाही?' आजवर त्रेसष्ट अर्ज आले. पहिले तीन रकाने सगळ्यांनी सुवाच्य अक्षरात भरलेत. औषधांच्या मात्रा, जेवणाआधी की नंतर, सगळं बिनचूक. चौथा रकाना एकसष्ट जणांनी कोरा सोडलाय. एकानं 'नॉर्मल' लिहिलंय, आणि एकानं 'विचारून कळवतो'.

कोरा अर्ज केंद्र स्वीकारत नाही. मात्र त्यासाठी मंठ्याला खेप घालायची गरज नाही, कोणताही कागद चालतो. आईचं किंवा वडलांचं नाव लिहा, पत्ता लिहा, औषधं लिहा, आणि चौथा रकाना आत्ता इथंच भरून बघा. घाई नाही. तातेरावांना बसायची सवय आहे.