हरवायला सोनं लागतं

एका जंगलात समुद्र होता.

हसू नका, बाळांनो. जंगलात तळं असतं, नदी असते, मग समुद्रानंच काय घोडं मारलंय? जंगल चालत चालत जिथे दमलं, तिथे समुद्र सुरू झाला. दोघांच्या मधे जी वाळू उरली, तिच्यावर शिंपबंदर नावाचं गाव वसलं. गावाला नगरपालिका होती. नगरपालिका आली म्हणजे खड्डे आलेच. पण शिंपबंदरच्या किनाऱ्यावरचे खड्डे नगरपालिकेने पाडलेले नव्हते. ते भिकाजीने पाडलेले होते.

भिकाजी हे एक खवलेमांजर. अंगावर कौलं घातल्यासारखे खवले. नजर अधू. जीभ हातभर लांब, पण ती मुंग्या खाण्यापुरती. बोलायची वेळ आली की हमखास आखूड पडे. कुणी आवाज चढवला की भिकाजी अंग मिटून घेई आणि त्याचा चेंडू होई. आयुष्यभर त्याने वारुळं उकरली. आणि वारूळ उकरणाऱ्याला कुणी शाब्बास म्हणत नाही. वाळवी तर नाहीच नाही.

एका वर्षी एक फुटकं गलबत किनाऱ्याला लागलं. त्यात भिकाजीला एक यंत्र मिळालं. लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला थाळी. कळ दाबायची, थाळी वाळूवरून फिरवायची. खाली कुठे धातू असला की यंत्र ओरडे, "टुंईंऽऽ!"

पहिल्या दिवशी खिळा सापडला. दुसऱ्या दिवशी गळाचा आकडा. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक नवी नवरी रडत बसली होती. ससीण होती ती. लाटेत तिची नथ गेली होती आणि सासू सकाळपासून म्हणत होती, "जिला नाक सांभाळता येत नाही, ती घर काय सांभाळणार?"

भिकाजीने थाळी फिरवली. टुंईं झालं. त्याने उकरलं, लाटेत नथ धुतली आणि ससिणीपुढे धरली. ससीण रडता रडता हसली. भिकाजीला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो अगदी जवळ जाऊन तिचा चेहरा बघत राहिला. त्या दिवशी तो एकही मुंगी न खाता झोपला. पोट भरलेलं होतं.

मग त्याला नादच लागला. माकडाची अंगठी काढून दिली. बेडकाचा चांदीचा करगोटा काढून दिला. बक्षीस कधी घेतलं नाही. हरवलेली वस्तू हातात पडताना मालकाचा जो चेहरा होतो, तेवढा जवळून बघायला मिळाला की त्याचं काम झालं.

आणि मग एका सोमवारी माईसाहेबांचं कडं हरवलं.

माईसाहेब म्हणजे नगराध्यक्ष दाजीसाहेब गव्यांच्या पत्नी. त्यांच्या डाव्या शिंगात लग्नापासून, म्हणजे वीस वर्षं, एक सोन्याचं कडं होतं. समुद्रस्नानाला गेल्या, मोठी लाट आली, शिंग रिकामं झालं.

सोमवारी ते कडं पाच तोळ्यांचं होतं. मंगळवारी दहा तोळ्यांचं झालं. बुधवारी त्यात माणकं बसली. गुरुवारी कळलं, की ते खुद्द सिंहमहाराजांनी दाजीसाहेबांच्या पणजोबांना भर दरबारात घातलं होतं. हरवलेल्या सोन्याचा हा गुणच आहे, बाळांनो. ते वाळूत पडल्या पडल्या वाढतं.

दाजीसाहेबांनी भिकाजीला बोलावलं. माईसाहेबांचे डोळे सुजले होते.

"भिकाजी, काहीही करा, पण माझं कडं आणून द्या," त्या म्हणाल्या. "लग्नात ह्यांनी स्वतःच्या हातानं घातलं होतं हो."

दाजीसाहेब भिकाजीला दारापर्यंत पोचवायला आले. नगराध्यक्ष कुणाला दारापर्यंत पोचवत नाहीत. भिकाजी भारावला.

"शोधा हं," दाजीसाहेब हळूच म्हणाले. "जरूर शोधा. पण घाई नको. समुद्र काय, आपलाच आहे."

"छे छे साहेब, माईसाहेब रडताहेत. आजच शोधतो."

"आजच?" दाजीसाहेबांचं रवंथ थांबलं.

दुपारपर्यंत कडं सापडलं. भिकाजीने ते वाळूतून काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं. कडं हिरवं झालं होतं. त्याने वाळूने घासलं. आतून पिवळं निघालं, पण ते पिवळं देवघरातल्या समईसारखं होतं. भिकाजीने आयुष्यात सोनं वापरलेलं नव्हतं. त्याला वाटलं, मोठ्यांचं सोनं असंच असेल.

तो धावत गेला. माईसाहेबांच्या हातात कडं ठेवलं आणि नेहमीसारखा जवळ जाऊन चेहरा बघायला लागला.

असा चेहरा त्याने पूर्वी पाहिला नव्हता. माईसाहेबांनी कड्याकडे पाहिलं. जिभेने चाटून पाहिलं. मग त्यांनी दाजीसाहेबांकडे पाहिलं, आणि बराच वेळ नजर हलवली नाही.

"बदललं!" दाजीसाहेब गरजले. "या खवल्याने कडं बदललं! सोनं लांबवलं आणि पितळ आणून दिलं! चोर!"

भिकाजीचा चेंडू झाला. चेंडूला हाताला धरून नेता येत नाही, म्हणून शिपायांनी त्याला ढकलत ढकलत सभेत नेलं.

सभेला सगळं गाव लोटलं. कडं पारखायला तांबट पक्ष्याला बोलावलं. तांबट गावचा कारागीर. दिवसभर झाडावर त्याचं टुक टुक टुक चाललेलं असे, ते ऐकून ऐकून गावाला भोवळ येई.

"बोला तांबटबुवा," दाजीसाहेब शिंगं थोडी खाली करून म्हणाले. "हे कडं कुणी घडवलंय, ओळखता येतं का?"

तांबटाने कडं पाहिलं. शिंगं पाहिली.

"साहेब," तो कुजबुजला, "आज माझा घसा बसलाय."

मग माईसाहेब उठल्या. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. शेजारणी जरा जास्तच बघत होत्या.

"हे माझं नाही," माईसाहेब म्हणाल्या. "माझं सोन्याचं होतं."

चेंडूच्या आतून आवाज आला, "पण मी जे सापडलं तेच आणलं हो!"

"तोच तर गुन्हा आहे," दाजीसाहेब म्हणाले. "जे हरवलं ते आणायचं असतं, जे सापडलं ते नव्हे."

भिकाजीच्या बिळाची झडती घेतली. आत फक्त मुंग्या निघाल्या. आता पंचाईत झाली. चोर आहे, पण चोरी नाही. तेव्हा नगरपालिकेची कारकून खारबाई पुढे आली. ती हुशार होती.

"साहेब, सोनं याच्याकडे नाही. म्हणजे ते अजून समुद्रातच आहे. मग यालाच शोधायला बसवा. सरकारी नेमणूक द्या. सरकारी माणसाला काही सापडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही."

दाजीसाहेबांचं रवंथ पुन्हा सुरू झालं. भिकाजी खवले, शोध अधिकारी. एक छत्री, एक खुर्ची आणि रोज परातभर लाल मुंग्या. अट एकच. यंत्राची कळ दाबायची नाही. "यंत्राला ताण पडतो," असं आदेशात लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी तांबट भिकाजीच्या बिळापाशी आला. त्याचा घसा सुटला होता.

"ते कडं मीच घडवलं होतं, वीस वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "दाजीसाहेबांनीच पितळ आणून दिलं होतं."

"मग सभेत का नाही बोललास?"

"भिकाजी, माझ्या घरट्यात तीन पिल्लं आहेत. आणि झाड नगरपालिकेचं आहे."

भिकाजीला त्याचा राग आला नाही. चेंडू कसा होतो, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून भिकाजी मुकं यंत्र घेऊन किनाऱ्यावर फिरू लागला. त्याला फिरताना पाहून माईसाहेबांना बरं वाटे. इतकं बरं वाटे, की शेजारच्या रानडुकरिणीलाही आठवलं, आपलाही एक चंद्रहार याच पाण्यात गेला होता. मग कोंबडीला मुकुट आठवला. उंदराला हत्तीची अंबारी आठवली. ज्यांनी जन्मात कथिलाचा तुकडा पाहिला नव्हता, तेही डोळे पुसत येऊ लागले. खारबाईने एक मोठा फळा लावला आणि त्यावर कुणाचं काय हरवलं ते रंगवून ठेवलं. ज्याचं नाव फळ्यावर नाही, त्याच्या घरी सोयरीक जुळेना.

लांबलांबच्या जंगलांतून पाहुणे यायला लागले. एवढं सोनं पोटात असलेला समुद्र त्यांनी कुठे पाहिला नव्हता. भिकाजी चालला की ते टाळ्या वाजवत. तीन वर्षांत भिकाजीला काहीही सापडलं नाही. त्याचा दोनदा सत्कार झाला.

भिकाजी लठ्ठ झाला. पण बाळांनो, त्याला कुणाचा चेहरा जवळून बघायला मिळाला नाही. पुढे पुढे परातीतल्या मुंग्या गोड लागेनाशा झाल्या.

अशात एका सकाळी एक म्हातारी टिटवी त्याच्या खुर्चीपाशी आली. एका पायावर उभी राहिली.

"भिकाजीभाऊ, माझी अंगठी पडली हो काल. पाय वाळले, निसटली."

"फळ्यावर नाव लावा, मावशी," भिकाजी सवयीने म्हणाला.

"गेले होते. खारबाई म्हणाली, कशाची होती? मी म्हटलं, तांब्याची. तर म्हणाली, तांब्याची वस्तू इथे हरवत नाही. हरवायला सोनं लागतं."

भिकाजीने यंत्र जवळ ओढलं.

"तिला काही मोल नाही," टिटवी पुढे म्हणाली. "आतून झिजलेली, एका बाजूला चेपलेली. मी पायात घालत होते. आमचे हे गेले तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, जोडवी काढ. मी म्हटलं, ही जोडवी नाहीतच, ही अंगठी आहे. तशी ती राहिली. आता तेवढीच होती."

भिकाजी तिच्याकडे बघत राहिला. तीन वर्षांत किनाऱ्यावर आलेली ही पहिलीच, जिने हरवलेली वस्तू होती तेवढीच सांगितली होती.

"कुठे पडली?"

"त्या खडकापाशी असेल."

खडकापाशी पाहुण्यांची गर्दी होती. दाजीसाहेब त्यांना किनारा दाखवत होते. भिकाजीचं अंग आपोआप मिटायला लागलं. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि चेंडू होऊ दिला नाही. मग तो खडकापाशी गेला आणि सर्वांसमोर त्याने कळ दाबली.

"टुंईंऽऽ!"

काय सांगू बाळांनो! तो आवाज ऐकताच गावात पळापळ झाली. रानडुकरीण नवऱ्याच्या मागे लपली. कोंबडी ओरडली, "माझं नाही! माझं नाही!" उंदीर म्हणाला, "माझी अंबारी लाकडाची होती, मी फळ्यावर चुकून लिहिलं!" माईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. तीन वर्षं 'शोधा, शोधा' म्हणून रडणारे सगळे देवाला हात जोडून उभे राहिले, की बाबा, आमचं सापडू नये.

भिकाजी उकरत होता. वाळू उडत होती. शेवटी त्याने हात वर केला.

"तांब्याची आहे!" कुणीतरी ओरडलं.

"तांब्याची! तांब्याची!" सगळ्या किनाऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या गडबडीत टिटवीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भिकाजीने अंगठी लाटेत धुतली, तिच्या वाळलेल्या पायात घातली आणि निसटू नये म्हणून गवताची काडी गुंडाळून दिली. तिने पाय वर उचलून अंगठी पाहिली आणि तशीच एका पायावर उभी राहिली. भिकाजीने अगदी जवळ जाऊन तिचा चेहरा पाहिला. त्याला सगळं स्वच्छ दिसलं.

दुपारी खारबाई आदेश घेऊन आली. "शोध अधिकारी भिकाजी खवले यांनी सेवेत असताना, पूर्वपरवानगी न घेता, एक वस्तू शोधून काढून शोधकार्यात गंभीर अडथळा आणला. सबब त्यांना कामावरून दूर करण्यात येत आहे. छत्री व खुर्ची जमा करावी."

भिकाजीने दोन्ही जमा केली. यंत्रही दिलं. जाताना तो खारबाईला "येतो हं" म्हणाला, आणि हे दोन शब्द बोलताना त्याची जीभ आखूड पडली नाही.

त्याच्या जागी गावाने एका घुबडाची नेमणूक केली. ते दिवसभर छत्रीखाली झोपतं आणि अतिशय कार्यक्षम आहे.

तात्पर्य: शोधाचं काम प्रामाणिक जिवाला देऊ नये. तो शोधून काढतो.